पाठीवरची बटणं

१

आमच्या दुकानातलं सकाळचं पहिलं काम म्हणजे ताट निवडणं. दिवसभर गिऱ्हाईकं डबे उपसतात, हे नको ते दाखवा करतात, जुळणारं एक बटण घेतात आणि बाकीचा पसारा टाकून जातात. संध्याकाळपर्यंत शर्टाची, कोटाची, झबल्याची बटणं एका स्टीलच्या ताटात गोळा होतात. दुसऱ्या दिवशी मी ती तांदळासारखी निवडत बसतो. नगरच्या कापड बाजारामागच्या बोळात हे दुकान आहे. सरकारी पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, माझ्या पाटीवर अजून अहमदनगरच आहे आणि ती रंगवून घ्यायचा मला कंटाळा आहे. पाटीवर 'दया बटण स्टोअर्स' लिहिलंय. दया माझी बायको. मी योहान, पण बाजारात मला सगळे बटणवालेच म्हणतात.

दयाला मात्र लोक वेगळ्या कामासाठी ओळखायचे. आमच्या मंडळीत, म्हणजे तिसगाव-पाथर्डीकडून नगरला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत, एक रीत आहे. माणूस गेला की पुरण्याआधी त्याच्या अंगावरची बटणं काढायची. हूक, सेफ्टी पिन, पट्ट्याचं बक्कल, काही म्हणून ठेवायचं नाही. नाडी असली तर सरकगाठ मारायची. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले कबरीतून उठतील, तेव्हा माणसाला चटकन उठता आलं पाहिजे, बटणं सोडवत बसायची पाळी येऊ नये, एवढाच त्यातला हेतू. पवित्र शास्त्रात असलं काही लिहिलेलं नाही असं पाळकसाहेब दरवर्षी एकदा तरी ठणकावून सांगतात. पण त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनीही गुपचूप दयालाच बोलावलं होतं.

दया कात्री घेऊन जायची, हलक्या हातानं दोरा कापायची आणि ती बटणं घरी आणायची. ती वाया घालवायची नसतात, कुणा गरजूच्या कपड्याला लावायची असतात. मी तिला चिडवायचो, "माझ्या वेळी झिप लाव, एका झटक्यात उठतो."

"तुम्हाला उठायची एवढी घाई असती तर दुकान वेळेवर उघडलं असतं," ती म्हणायची.

माझा या रीतीवर विश्वास होता असं नाही आणि नव्हता असंही नाही. विश्वास ठेवायला घरात दया होती, त्यामुळे मला कधी गरज पडली नाही.

२

जानेवारीत तिसगावच्या पलीकडच्या एका गावाजवळ रस्ता रुंद करायला घेतला. तिथं आमची जुनी दफनभूमी आहे आणि तिची पुढची रांग रस्त्यात जात होती. मंडळीनं ठरवलं की त्या रांगेतले अवशेष नव्या पेट्यांत घालून मागच्या बाजूला पुरायचे. दयाच्या माहेरची माणसं त्याच गावची, म्हणून ती गेली. मी गेलो नाही. माझी कंबर दुखत होती आणि हाडं बघायची मला हौस नाही.

ती संध्याकाळी परतली, हातपाय धुतले आणि रुमालाची गाठ माझ्यापुढं सोडली. आत सहा बटणं होती.

"एका बाईच्या अंगावर राहून गेली होती हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं. कुणीतरी विसरलं असेल काढायला." तिचे डोळे भरून आले होते.

कापड केव्हाच मातीला मिळालं होतं. पण बटणं तांब्याच्या तारेनं बसवलेली होती, आणि ती तार मणक्याखाली एका ओळीत पडली होती. म्हणजे बटणं पाठीवर होती. दयानं खणणाऱ्या रामहरीकडून पकड मागून घेतली, प्रत्येक बटणाच्या तारेचा पीळ तोडला आणि मग त्या बाईला पेटीत ठेवू दिलं. आमच्या मंडळीतल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. बटणांसकट पुरलेलं माणूस दिसलं की आमच्यापैकी कुणालाही ती चूकच वाटणार.

मी बटणं कोमट पाण्यात धुतली आणि माझी कंबर दुखायची थांबली. दुधावरच्या सायीचा रंग, झिलईत केसासारख्या बारीक भेगा, वर हातानं काढलेली जांभळी फुलं आणि सोन्याचे टिपके. पाठीमागची कडीसुद्धा त्याच मातीची. असली बटणं मी फक्त फोटोत पाहिली होती. जपानात बनायची, परदेशी मडमांसाठी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. जगभर माणसं ती जमवतात आणि काचेखाली ठेवतात.

"जपानी चिनी माती," मी म्हणालो.

"म्हणजे नक्की कुठली?" दयानं विचारलं आणि डोळे पुसून हसली. आमच्या घरातलं ते शेवटचं धड हसणं म्हटलं तरी चालेल.

३

जुन्या बटणांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, मी त्यात आहे. तिथं मी फोटो टाकले आणि बटणं पाठीवरची आहेत एवढं लिहिलं. अमेरिकेतल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांचा शब्द तिथं शेवटचा. त्यांनी आधी कौतुक केलं, मग कडांचे फोटो मागितले. हे लोक बटणाचं तोंड बघत नाहीत, कडा आणि पाठ बघतात. माणसानं बटण किती आणि कसं वापरलं ते तिथं उमटलेलं असतं.

बाईंचं उत्तर आलं. कडेचं सोनं झिजलंय, झिलईसुद्धा घासली गेलीय, इतकी झीज रोज हाताळल्याशिवाय होत नाही आणि कित्येक वर्षं लागतात. झीज एकाच बाजूला आहे, खालून वर. म्हणजे घालणारी बाई पाठीमागं हात नेऊन स्वतः बटणं सोडवायची. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ही कोणाची होती ते शोधाल का?

मी शोधणार होतोच. आयुष्यभर ताट निवडलेल्या माणसाला अशी संधी एकदाच येते. जपानातून अमेरिका, अमेरिकेतून मिशनच्या पेटीतून नगर जिल्हा, इतकं माझं मलाच जुळवता आलं. जुन्या काळी तिकडून कपड्यांच्या पेट्या यायच्या हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजोबांनी कुणा गोऱ्या साहेबाचा कोट मरेपर्यंत वापरला. मला हवी होती ती बाई. तिचं नाव, तिचा एखादा फोटो. मग त्या ग्रुपवरची सगळी काचेची कपाटं माझ्याकडे वळून बघणार होती.

त्याच दिवसांत घरात एक बारीकशी गोष्ट सुरू झाली. मी शर्ट हँगरला लावला की वरपासून खालपर्यंत बटणं लावून ठेवतो. धंद्याची सवय. एका सकाळी कपाट उघडलं तर सगळ्या शर्टांची बटणं सोडलेली.

"हे काय नवीन?" मी ओरडलो.

"मी कशाला हात लावू तुमच्या शर्टांना?" स्वयंपाकघरातून दया म्हणाली. "आणि उशीचे अभ्रे तुम्ही का उघडे टाकता? कापूस बाहेर येतोय."

मी अभ्र्यांना हात लावला नव्हता. पण बायकोशी अभ्र्यांवरून भांडायला मला त्या दिवशी वेळ नव्हता.

४

फेब्रुवारीत मी एस.टी.नं तिसगावला गेलो आणि तिथून जीपनं पुढं. त्या गावात आता आमची चार घरं उरलीत, बाकीची पुण्याला नाहीतर ऊसतोडीला. सगळ्यांनी मला लंकाबाईकडे पाठवलं. नव्वदीच्या पुढची म्हातारी, पडवीत बाजेवर उन्हाला पाठ देऊन बसलेली. तिच्या लुगड्याच्या पदराला पिनसुद्धा नव्हती.

मी मोबाईलवर फोटो दाखवला. तिला नीट दिसत नसावं असं मला वाटलं होतं, पण तिनं एकदाच बघितलं आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"वर काडली व्हय ही?"

"रस्त्यासाठी कबरी हलवल्या ना आजी. कोणाची होती ही बटणं? कोण बाई घालायची?"

"कुनी न्हाई घातली. मडमसायबाच्या पेटीतनं आल्ती. लई दिस शाळंच्या कपाटात पडून हुती. एवढी भारी बटनं आमी कशाला लावतोय? चोळीला?"

"मग त्या बाईच्या अंगावर कशी आली?"

"मेल्यावर लावली."

मला वाटलं म्हातारी गोंधळली आहे. मी समजुतीच्या आवाजात म्हणालो, "आजी, मेल्यावर आपण बटणं काढतो."

"काडलीच हुती," लंकाबाई म्हणाली. "पयल्यांदा रीतीपरमानंच पुरली हुती तिला. मी एवढीशी हुते, पन मला ध्यानात हाय. माज्या आईनंच काडली हुती."

"पहिल्यांदा म्हणजे?"

तिनं अंगणाकडे बघितलं. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती.

"म्हंजी मंग पुन्यांदा पुरावी लागली."

 मी पुढचा प्रश्न विचारला, कारण विचारायला आलो होतो. हीच बटणं का? दुसरी नव्हती?

"पितळ गंजतं. लाकूड कुजतं. ह्या मातीला माती खात न्हाई. आन् म्हागं लावली म्हंजी हात पुरत न्हाई." तिनं आपला वाळका हात पाठीमागं नेऊन दाखवला. तो तिच्या कमरेच्याही वर जात नव्हता. "घरच्यांनीच लावली. दुसरं कोन असल्या कामाला हात लावतंय?"

"त्या बाईचं नाव काय होतं?"

"नाव घिऊन काय करायचंय तुमाला?" ती पहिल्यांदाच चिडली. मग आवाज उतरला. "काडली कुनी? तुमच्या घरातल्यांनी?"

"माझ्या बायकोनं."

"चांगल्या मनाची असंल," लंकाबाई म्हणाली, आणि ते मला शिवीपेक्षा वाईट लागलं. "जावा आता. जीप ग्येली तर रातभर हितंच ऱ्हाशाल."

५

परतीच्या एस.टी.त मी डोकं चालवत बसलो. म्हातारी भ्रमिष्ट आहे. लहानपणी ऐकलेल्या गप्पा तिला आठवणी वाटतात. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि करंजी घाट येईपर्यंत मला पटलंही. मग अमेरिकेतल्या बाईंनी सांगितलेली झीज आठवली. कपाटात पडून राहिलेल्या बटणाचं सोनं झिजत नाही. जिवंत अंगावर ती कधी नव्हतीच. मग खालून वर, पाठीमागं हात नेऊन, कित्येक वर्षं, ती कोणी घासली?

घरी आल्यावर दयाला सगळं सांगितलं. म्हणालो, "उद्याच जाऊ आणि परत बसवून येऊ."

ती भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे काय करायचं? तिला परत बंद करायचं?"

"जिथली वस्तू तिथं."

"अहो, एका बाईला तिच्याच माणसांनी पाठीमागून बंद केलं. तिनं किती वर्षं हात मागं नेला असेल, काही कल्पना आहे? आणि तुम्ही म्हणता परत लावू." दया एरवी आवाज चढवायची नाही. "मी माणसं मोकळी करते. बंद करायचं काम मला सांगू नका."

मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, पेट्या पुरल्या, वर सिमेंट झालं, आता बटणांसाठी फोडायचं का? आणि हसले. मी त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण करून देणार होतो, तोवर त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मला आवाज ऐकू यायला लागला. बटण काजातून निसटताना एक बारीक आवाज होतो. कापड आधी ताणलं जातं आणि मग सैल पडतं. इतर कुणाला तो ऐकू येणार नाही, पण माझे कान त्यातच तयार झालेत. दुपारी मी जेवायला घरी यायचो, दया आतल्या खोलीत पडलेली असायची आणि मला बाहेर घास चावता चावता तो आवाज यायचा. एक. मग जरा थांबून पुढचा. मी आत जायचो तर दया गाढ झोपलेली, दोन्ही हात उशीखाली, आणि गाऊनची बटणं गळ्यापासून पोटापर्यंत सोडलेली. मी ती लावायचो. ती जागी व्हायची नाही. आमच्यात बटणं कोणाची सोडतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं, बी.पी.च्या गोळ्या बदलून दिल्या. छातीचा फोटो काढला, त्यातही काही निघालं नाही.

"तुला कळतं का, कोण करतं ते?" एकदा मी धीर करून विचारलं.

"कळतं की," दया म्हणाली. तिचा चेहरा अगदी शांत होता. "बाईचेच हात आहेत. गार आहेत, पण हलके आहेत. मी करते ना, अगदी तसंच करते ती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही परत का लावत बसता? तिला पहिल्यापासून करावं लागतं."

मला तिचा भयंकर राग आला. मेलेल्या बाईची एवढी काळजी, आणि समोर बसलेला नवरा घाबरून अर्धा झालाय त्याचं काही नाही.

६

मार्चच्या मध्यात, भर दुपारी, दया झोपेतच गेली. बोळातले डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आराधना, आमची मुलगी, पुण्याहून निघाली. दयाचं काम आता निकिता करते. शेजारची पोरगी, दयानंच तिला शिकवलं. ती कात्री घेऊन रडत रडत आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"काका, तुम्ही आधीच सोडलीत का?"

"हो," मी म्हणालो.

बायकांनी दयाला अंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. निकितानं पांढऱ्या ब्लाऊजचे हूक कापून पुढची एक बाजू दुसरीवर नुसती ठेवली. वर चादर घातली. आराधना यायला वेळ होता, म्हणून बायका बाहेरच्या खोलीत गाणी म्हणत बसल्या. मी म्हणालो, मला थोडा वेळ तिच्याजवळ बसू द्या.

मी खुर्चीवर बसलो. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं. आराधनाचा फोन आला, शिरूरला गाड्या अडकल्यात म्हणाली. मी खिडकीशी उभा राहून बोललो. वळलो तेव्हा चादर दयाच्या अंगावर नव्हती. ती पायाशी होती. चुरगळून पडलेली नव्हती, सकाळी अंथरुणातून उठताना दुमडतात तशी दुमडलेली होती.

मी स्वतःला सांगितलं की बायकांनीच ती पायाशी ठेवली असेल. मी चादर उलगडली आणि पुन्हा घातली. मेलेलं शरीर आखडतं, हलतं, हेही स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलं होतं. मग मी मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं. असं का केलं ते सांगता येत नाही. कदाचित डोळ्यांदेखत काही होईल याची भीती जास्त होती.

वळलो तेव्हा चादर पुन्हा पायाशी. आणि दयाचे गुडघे किंचित वर आले होते, पाय एका बाजूला घेतले होते. खाली निजलेली बाई उठायच्या बेतात साडी सावरते, अगदी तशी ती दिसत होती. फक्त पाय डाव्या बाजूला होते. दयाचा डावा गुडघा गेली कित्येक वर्षं धरलेला. ती जन्मात डाव्या अंगावरून उठली नाही. उठताना नेहमी उजवीकडे वळायची, माझ्या बाजूला, आणि माझ्या खांद्याचा आधार घ्यायची.

ही दयाची उठण्याची पद्धत नव्हती.

बाहेर बायका दुसरं गाणं म्हणायला लागल्या. मी दाराला आतून कडी घातली. टेबलाच्या खणात बटणं होती, तिथंच जुन्या पंख्याची तांब्याची तार होती आणि दाभण होतं. बटणवाल्याच्या घरात काय कमी. मी दयाला कुशीवर वळवलं. तिचं अंग जड होतं आणि तिच्या केसांना रोजच्या तेलाचा वास येत होता. मी ब्लाऊज काढून उलटा घातला, उघडी बाजू पाठीवर आणली आणि वरून सुरुवात केली. दाभण कापडातून घालायचं, तार कडीतून ओढायची, पीळ द्यायचा, टोक आत दाबायचं. आयुष्यभर बटणं विकली, पण एवढी घट्ट मी कुणालाच बसवून दिली नव्हती.

शेवटचं बटण बसवताना तिच्या पाठीनं माझ्या बोटांना रेटलं. ब्लाऊज घट्ट होतोय का ते बघायला बायका श्वास भरून घेतात, तेवढंच. एकदाच. माझे हात थांबले. मी तिला हाक मारली, "दया." मग आणखी एकदा मारली. काही झालं नाही. डॉक्टर खाली बोळातच होते, दार उघडून त्यांना बोलवता आलं असतं. मी शेवटच्या तारेला पीळ दिला.

तिला उताणं केलं, गुडघे सरळ केले, पदर नीट घेतला, चादर घातली. ती तशीच राहिली.

दारावर टकटक झाली. "काका, आराधना आली," निकिता म्हणाली.

७

दफन संध्याकाळी झालं. आराधनानं रडून झाल्यावर विचारलं, "पप्पा, आईची बटणं नीट काढली ना सगळी?" मी सांगितलं, निकितानं काढली. ते खोटं नव्हतं. मंडळीतली माणसं ओळीनं येऊन माझा हात धरत होती आणि म्हणत होती, दयामावशींनी आमच्या आईला मोकळं केलं, आमच्या दादांना मोकळं केलं. मी प्रत्येकाला मान हलवून हो म्हणालो.

त्या अमेरिकेतल्या बाईंचा मेसेज आला होता. बटणांच्या मालकिणीचा पत्ता लागला का?  दोन दिवसांनी मी लिहिलं, लागला, माझ्या बायकोची आहेत. त्यांनी लिहिलं, किती भाग्यवान आहात. मी ग्रुप सोडला.

आता ती शाळेच्या कपाटातली बटणं पहिल्यांदा कुणी लावली असतील याचा मी फार विचार करतो. तोही दार लावून बसला असेल. त्यालाही पाठीचा रेटा जाणवला असेल आणि तरी त्यानं पीळ दिला असेल. दिवसा मला पटतं की ती दया नव्हती, उठू पाहत होती ती दुसरीच. पण दुसरीला उठायला जागा झाली म्हणजे दया तिथून गेली होती, असं काही नाही. दोघी असू शकतात. आणि पाठीवरच्या बटणांपर्यंत हात पुरत नाही तो काही एकट्या दुसरीचाच नाही, दयाचाही. हे मी कुणाला सांगू? पाळकसाहेब हसतील आणि आराधना माझं तोंड बघणार नाही.

ईस्टरला आमच्याकडे पहाटेची उपासना दफनभूमीतच होते. आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं घालायची, मेणबत्ती लावायची आणि उजाडेपर्यंत तिथं उभं राहायचं. मी टाळणार होतो, पण निकिता घ्यायला आली. दयाच्या कबरीवर अजून दगड बसलेला नाही, नुसती माती आहे. आराधनानं झेंडूची आणि शेवंतीची फुलं अंथरली. चांगलं फटफटलं तेव्हा पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळी दफनभूमी एका आवाजात म्हणाली, "खरोखर उठला आहे!" लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आराधना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "पप्पा, एक दिवस आईसुद्धा." तिचं ऊबदार तोंड माझ्या मानेला लागत होतं आणि मी देवाला विनवत होतो की नको, एवढी एक नको.

"काका, माती वर आलीय बघा इथं," निकिता म्हणाली. "पाणी जास्त झालं वाटतं."

फुलं एका जागी सरकली होती आणि त्यांच्यामधली माती ओंजळभर उचलली गेली होती. डाव्या बाजूला की उजव्या, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींपैकी कोण ते कळलं असतं. मी फुलं नीट करायला पुढं झालो, त्या मातीवर बूट ठेवला आणि सगळा भार देऊन ती दाबली. पुरेशी बसेपर्यंत दाबली. मग आराधनाचा हात धरून सगळ्यांबरोबर चहाला गेलो.